कावळा नसलेल्या देशात वर्षश्राद्ध

न्यूझीलंडमध्ये कावळा नाही. इतकी वर्षं इथे राहून माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. मेथी मिळते, गवार मिळते, आमच्या पापाटोएटो उपनगरातल्या दुकानात गोठवलेलं केळीचं पानसुद्धा मिळतं, पण कावळा मिळत नाही. हॉक्स बेच्या बाजूला त्याचा कोणी चुलतभाऊ असतो म्हणे. पण श्राद्धाला चुलतभावावर भागत नाही, हे कुठल्याही मराठी माणसाला सांगायला नको.

हा शोध आईने लावला. २०१६चा डिसेंबर होता. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर बघत ती म्हणाली, "अगं, तुमच्याकडे कावळे कुठे बसतात?" पोस्ट ऑफिस कुठे आहे, असं विचारावं तितक्या सहज. मी म्हटलं, "आई, इथे कावळा नसतो." तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच सगळे हाकलून दिलेत.

आमच्याकडे वर्षश्राद्धाला कावळ्यासाठी वेगळं पान वाढतात. कावळा शिवला की गेलेला माणूस तृप्त झाला असं धरायचं. नाही शिवला तर त्याचा जीव कशात तरी अडकलाय. मग घरातल्यांनी हात जोडून एकेक वचन द्यायचं. "मुलीचं लग्न करू", "भावाशी भांडणार नाही", "तुमच्या बायकोला सांभाळू". ज्या वचनाला कावळा चोच लावतो, ती त्या माणसाची राहिलेली इच्छा. मी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. दिवसभर लोकांना "पुरावा काय?" असं विचारत असते. तेव्हा या प्रकारावर माझं काय मत असेल ते वेगळं सांगत नाही.

पण आईचं एक दुखणं होतं, आणि ते मला माहीत होतं. बाबांच्या दहाव्याला पुण्यात, नदीकाठी, गुरुजींनी पिंड खाली ठेवायच्या आत कावळा हजर. हात जोडायलाही वेळ दिला नाही मेल्याने. सगळे म्हणाले, वा, किती समाधानी माणूस! आई मात्र रिक्षात माझ्या कानात म्हणाली, "एवढी घाई? काहीच मागे राहिलं नव्हतं? माझंसुद्धा नाही?" त्यानंतर त्या विषयावर ती एक अक्षर बोलली नाही. तेरावं झालं आणि मी तिला उचलून इथे आणलं. पुण्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, तिचे गुडघे गेलेले, आणि मी त्यांची एकुलती एक. दुसरा विचार करायची सोयच नव्हती.

तिला इथे कायमचं ठेवायचं असं मी ठरवून टाकलं होतं. तिने ठरवलं नव्हतं. विषय काढला की ती म्हणायची, "बघू." हे पुणेरी "बघू" आहे, त्याच्यापुढे भल्याभल्यांचं काही चालत नाही. परतीचं तिकीट फेब्रुवारीचं होतं. ते रद्द करू का, म्हटलं की, "बघू." तुझी खोली नीट रंगवून घेऊ का? "बघू." माझा रक्तदाब त्या एका शब्दावर चालला होता.

कावळ्यावर तोडगा माझ्या नवऱ्याने काढला. तो इंजिनिअर आहे. त्याला कुठलाही प्रश्न गाडीत बसून सुटतो असं वाटतं. "आपण नॉर्थलँडला जाऊ. जंगल आहे, किनारा आहे, हीप्स ऑफ पक्षी आहेत. कुठला तरी काळा पक्षी शिवेलच की. आणि सुट्टीही होईल."

"श्राद्धाची सहल?" मी म्हटलं.

"त्यांनी कधी आमच्याबरोबर सहल केली नाही," आई म्हणाली. "ह्या निमित्ताने होऊन जाऊ दे."

खरंच होतं ते. बाबा घर सोडायचे नाहीत. तीन दिवसांच्या वर गाव सोडलं की त्यांचं पोट साफ व्हायचं नाही, आणि ते सगळ्या नातेवाइकांना त्याचा रोजचा अहवाल द्यायचे. न्यूझीलंडचं तर "पुढच्या वर्षी" हे नऊ-दहा वर्षं चालू होतं.

तिथीवरून आदल्या रात्री थोडा वाद झाला. इथला दिवस भारताच्या आधी उजाडतो, तेव्हा तिथी इथली धरायची की तिथली? नवऱ्याने कागदावर पृथ्वी काढली. आईने कागदाकडे न बघता सांगितलं, "सकाळी निघायचं. त्यांना जमेल तसे येतील."

पहाटे उठून तिने आणि मी उडदाचे वडे केले, तांदळाची खीर केली, आमसुलाची चटणी, गवार, भोपळा. सगळं डब्यात भरून गाडीच्या डिकीत. आणि मग तिने नियम सांगितला. पान शिवेपर्यंत कोणी काही खायचं नाही. नवरा म्हणाला, "पाणी?" "पाणी चालेल." "कॉफी?" "कॉफी हे पाणी आहे का, जावईबापू?" आमच्या मुलीला मात्र सूट मिळाली, कारण ती नऊ वर्षांची आणि आजीची लाडकी. ती मागच्या सीटवर बसून एकामागून एक वडा खात राहिली, आणि नवरा आरशातून तिच्याकडे बघत गाडी चालवत राहिला.

दिवस काय सुंदर होता म्हणून सांगू! शहर मागे पडलं, मोटरवे संपला, डोंगर एकात एक शिरायला लागले. रस्त्याच्या कडेला पोहुतुकावाची झाडं लाल फुलांनी लगडलेली. गायी अशा तब्येतीच्या की आपल्याकडच्या गायींनी बघू नये. आई खिडकी उघडून बसली होती, तिच्या पदराचं एक टोक सारखं बाहेर उडत होतं. दर दहा मिनिटांनी ती विचारायची, "तो कोण?" म्हणजे तो पक्षी कोण. आणि आमची मुलगी तोंडातला घास न गिळता सांगायची, "दॅट्स अ हॉक, आजी." "चालेल का?" "नो, ही ईट्स डेड पॉसम्स."

"मग नको," आई म्हणाली. "त्यांना शाकाहारीच बघा."

डार्गाव्हिल गावाच्या अलीकडे कुंपणावर काळा-पांढरा मॅगपाय बसलेला दिसला. नवऱ्याने इतक्या जोरात ब्रेक मारला की खिरीचा डबा डिकीत आडवा झाला. "आई, हा बघा! निम्मा तरी काळा आहे!"

"निम्मा कावळा काय करू मी?" आई म्हणाली. पण उतरली. पान मांडलं, त्यावर वडा, भात, खीर. आम्ही चौघं मागे सरून हात जोडून उभे. मॅगपायने पानाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो उडाला आणि सरळ नवऱ्याच्या टकलावर आला. हा पक्षी माणसांच्या डोक्यावर झडप घालतो, हे इथल्या शेंबड्या पोरालासुद्धा माहीत आहे. माझा नवरा रस्त्यावर हात हलवत गोल गोल पळाला, शेवटी गाडीत शिरून त्याने दार लावून घेतलं. आई पान उचलत म्हणाली, "हा तुझ्या आत्याच्या मिस्टरांकडचा कोणी असेल. बाबांकडचा नाही."

मुलगी हसून हसून सीटवरून खाली घसरली. नवरा डोकं चोळत म्हणाला, "आता तरी कॉफी?" आईने पाण्याची बाटली पुढे केली.

वायपोआच्या जंगलात शिरलो. तिथे कौरीची झाडं आहेत, प्रचंड. त्यांच्या मुळांना एक रोग लागतो, तो मातीतून पसरतो, म्हणून वाटेच्या तोंडाशी प्रत्येकाने बूट ब्रशने घासून, वर औषध फवारून मगच आत जायचं. पांढऱ्या दाढीचे एक आजोबा तिथे उभे होते. "किया ओरा," म्हणाले, आणि आईला ब्रश दाखवला. आईला ही पद्धत फार आवडली. तिने दोन्ही चपला अशा घासल्या की आजोबा म्हणाले, स्वीट ॲज, बस झालं. "बघ," ती मला म्हणाली, "ह्यांच्यात सोवळं आहे. तुमच्याच घरात नाही."

मग ते झाड आलं. ताने महुता. वाट वळते आणि एकदम समोर उभं राहतं, करडं, गुळगुळीत, खोडाची रुंदी आमच्या पापाटोएटोच्या बैठकीच्या खोलीपेक्षा जास्त. वर बघता बघता मान अवघडते. आई बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता काहीतरी थोर बोलेल.

"एवढं मोठं झाड," ती म्हणाली, "आणि कोणी एक पार बांधला नाही. माणसाने बसायचं कुठे?"

प्रदक्षिणा घालायलाही वाट नव्हती, मुळांवर पाय पडू नये म्हणून लाकडी कठडा होता. तिने कठड्यावरूनच नमस्कार केला. वर कुठेतरी तुई नावाचा पक्षी ओरडत होता. अर्धं गाणं, अर्धा घसा खाकरल्यासारखा आवाज. तोही काळा. नवऱ्याने आशेने माझ्याकडे पाहिलं, पण जंगलात खायचं काही ठेवायला बंदी, आणि शिवाय तुई फुलातला मध खातो, वडा नाही. तिथून बाहेर पडताना आईने माझा हात धरला. उतारावर धरतेच ती, पण उतार संपल्यावरही सोडला नाही. मला फार बरं वाटलं. वाटलं, हिला इथे आवडायला लागलंय, आता होकार येणार.

होकिआंगाच्या खाडीवर पोचेपर्यंत सूर्य कलला होता. निळं पाणी, पलीकडे सोनेरी वाळूचे डोंगर, पाण्यात पोरं उड्या मारतायत, जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, वाळूत विखुरलेल्या. आमच्या पोटात मात्र आग पेटलेली. एका दुकानाबाहेर तळणाचा आणि मीट पायचा, म्हणजे मटण भरलेल्या पेस्ट्रीचा, वास येत होता, आणि माझा शुद्ध शाकाहारी नवरा तिथे उभा राहून डोळे मिटून श्वास घेत होता.

किनाऱ्यावर सीगल्स होते. ढिगाने. आम्ही पान बाहेर काढायच्या आत त्यांनी आम्हाला वेढलं.

"झालं काम!" मी म्हटलं. "ठेव पान. एका सेकंदात शिवतील."

"हे?" आईने नाक मुरडलं. "हे कुणाचंही खातात. ते बघ, त्या पोराच्या हातातला चिप्स ओढला. ह्यांच्या शिवण्याला काय अर्थ?"

"आई, पक्षी तो पक्षी! काळा, पांढरा, निळा, काय फरक पडतो? कावळ्याला तरी कुठे डिग्री असते?" मी चिडलेच. भुकेने माणूस नास्तिक होतो. मी तर आधीच होते.

"वर्षभर थांबले," आई म्हणाली, "तर आणखी अर्धा तास थांबेन. मागच्या वेळी घाई झाली होती."

आम्ही पुन्हा गाडीत बसलो.

मग गाव सोडून थोडं आत गेलो. ओढा खाडीला मिळतो तिथे एक ओलसर कुरण होतं, कडेला एक लाकडी टेबल. तिथे पूकेको होता. पाणकोंबडीचा मोठा भाऊ म्हणा. पाठ काळी, छाती गडद निळी, चोच आणि कपाळ लालबुंद, आणि लांब लाल पायांनी तो एकेक पाऊल विचारपूर्वक टाकत चालला होता. दर पावलाला शेपटी झटकत होता, काहीतरी पसंत नसल्यासारखी. आई थबकली.

"हा चालेल," ती म्हणाली.

"का? हा काळाही धड नाही!"

"चाल बघ ना त्याची. भाजी आणायला निघालेत."

खरं सांगते, मलाही तसंच दिसलं. आता नाही म्हणून उपयोग नाही.

आईने गवतावर पान मांडलं. उरलेली खीर, वडे, भात, चटणी. आम्ही टेबलापाशी मागे उभे. पूकेको थांबला. मान तिरकी करून पानाकडे बघितलं. जागचा हलला नाही.

"वचन द्यायला लागा," आई म्हणाली.

नवऱ्याने सुरुवात केली, त्याचं पोट त्याला ढकलत होतं. "बाबा, मी गाडी हळू चालवीन." पूकेकोने शेपटी झटकली. "मी घरात मोठ्याने बोलणार नाही." काही नाही. "बाबा, मी दर रविवारी मराठी बोलेन लेकीशी." मुलगी म्हणाली, "डॅड, यू सेड दॅट लास्ट यर." पूकेकोने पाठ फिरवली.

मुलीचा नंबर आला. "आजोबा, आय'ल प्रॅक्टिस माय हँडरायटिंग." पूकेको चिखलात काहीतरी टोचत बसला.

मग मी. दिवसभर मी ह्या सगळ्याची टिंगल केली होती, पण आता हात जोडले. मी म्हटलं, "बाबा, आईची काळजी करू नका. ती आता कायम माझ्याकडे राहील. तिला एकटीला मी जिने चढू देणार नाही. काही कमी पडू देणार नाही. खा आता." मनापासून म्हटलं. आणि मी त्या पक्ष्याकडे अशी बघत होते की जणू माझं सगळं त्याच्या हातात आहे. तेव्हा होतंच ते.

पूकेकोने डोकं वर केलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दोन पावलं मागे गेला.

"मेल्या!" माझ्या तोंडून निघालं.

"थांब," आई म्हणाली. ती टेबलापासून पुढे गेली. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, पानापासून थोड्या अंतरावर गवतात चक्क मांडी घालून बसली. आमच्याकडे तिची पाठ होती. ती मोठ्याने बोलत नव्हती, पण वारा आमच्याकडे होता.

"अहो," ती म्हणाली, "मी घरी जाते. फेब्रुवारीत. हिला सांगायचा धीर होत नव्हता, म्हणून तुम्हाला सांगते. ही फार करते माझं. पण मी आपल्या घरी राहीन. जिना हळूहळू चढेन. तुम्ही माझ्यात अडकू नका. या, खाऊन घ्या."

पूकेको आला. घाई केली नाही. एकेक लाल पाय उचलत, पानाभोवती अर्धी चक्कर मारून, वडा चोचीने उचलला, मग एका पायाच्या बोटांत धरला, हातात धरल्यासारखा, आणि आईसमोर उभं राहून खायला लागला. आईने दोन्ही हात जोडले. तिचे खांदे हलत होते.

"जेवायचं?" नवरा अगदी हळू आवाजात म्हणाला.

मी भडकले होते. "हे धरायचं नाही!" मी ओरडले. "आई, हा कावळा नाही! कावळाच लागतो! शास्त्रात कावळाच सांगितलाय, पाणकोंबडी चालत नाही!" मी, जिने आयुष्यात शास्त्राचं एक पान उघडलं नाही. पूकेकोने माझ्याकडे लक्षही दिलं नाही. त्याचा दुसरा वडा चालू होता.

नवऱ्याने मुलीला ओढ्याकडे नेलं, तेवढी अक्कल त्याला आहे. मी आईजवळ गवतात जाऊन बसले. ओल पँटमधून आत गेली.

"कोण बघेल तुला तिथे?" मी म्हटलं. "रात्री पडलीस तर? इथे काय कमी आहे तुला? मी कमी पडले का?"

"नाही गं."

"मग का?"

तिने पदराने डोळे पुसले. माझ्याकडे न बघता पानाकडे बघत म्हणाली, "तेरावं झालं आणि तू मला इकडे आणलंस. तुझं बरोबरच होतं. पण त्या घरात मी त्यांच्याशिवाय एकटी अजून एक दिवस राहिले नाही. इथे मला ते गेलेत असं वाटतच नाही. वाटतं, मी लेकीकडे आलेय आणि ते पुण्याला आहेत. घर सोडायला कंटाळतात ना, म्हणून आले नाहीत. वर्षभर मी त्यांना तिथेच ठेवून बसलेय. रोज संध्याकाळी मनात येतं, एकटेच आहेत, जेवले असतील का."

पान शिवलं होतं. मी आम्हा चौघांची पानं वाढायला उठले.